पाच मैल बाकी

२४ जानेवारी १९६६. जिनिव्हाच्या घड्याळात सकाळचे आठ वाजून दोन मिनिटं झाली होती. भारतात दुपारचे साडेबारा वाजून गेले होते. एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ नावाचं बोइंग ७०७ विमान मों ब्लां पर्वतावर आदळलं. १०६ प्रवासी आणि ११ कर्मचारी, असे ११७ जण गेले. प्रवाशांमध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. होमी जहांगीर भाभा होते.

या अपघाताबद्दल आपल्याकडे हळहळ पुष्कळ झाली आणि संशयही पुष्कळ घेतला गेला. त्यात एक गोष्ट मागे पडली. त्या सकाळी भारताने एक मोठा शास्त्रज्ञ गमावलाच, पण आणखीही काही गमावलं. भारताने अणुबॉम्ब करावा की नाही, आणि केला नाही तर जगाकडून त्याबदल्यात काय मागावं, या प्रश्नावर दिल्ली, लंडन, वॉशिंग्टन आणि जिनिव्हात बोलणी चालू होती. त्या बोलण्यांमागची खरी समजूत मुख्यतः दोन माणसांच्या डोक्यात होती: पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि भाभा. तेरा दिवसांत दोघेही गेले. तिथवर गोष्टी कशा येऊन ठेपल्या, याचा हा घटनाक्रम.

४६५ दिवस आधी : १६ ऑक्टोबर १९६४, लोप नूर

चीनने सिंकियांगच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट केला. भारतासाठी ही वेळ फार वाईट होती. १९६२ च्या पराभवाला दोनच वर्षं झाली होती. नेहरूंना जाऊन पाच महिनेही पुरे झाले नव्हते आणि शास्त्री पंतप्रधानपदावर नवे होते. दोन दिवसांनी अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी जाहीर केलं, की अण्वस्त्रांच्या वाटेला न गेलेल्या देशांना कुणी अण्वस्त्रांचा धाक घातला तर अमेरिका त्यांच्या पाठीशी उभी राहील. पाठीशी उभी राहील म्हणजे नेमकं काय करील, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

जगाचं लक्ष मुंबईजवळच्या ट्रॉम्बेकडे वळलं. तिथे १९५६ मध्ये ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली होती, १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने ‘सायरस’. सायरसला लागणारं जड पाणी अमेरिकेने पुरवलं होतं. या मदतीच्या बदल्यात भारताने अणुभट्टीचा वापर शांततेच्या कामासाठीच करण्याचं वचन दिलं होतं. परदेशी तपासणीसांनी येऊन खात्री करून घ्यायची, अशी अट त्यात नव्हती. सायरसमध्ये वापरून झालेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढणारा कारखानाही ट्रॉम्बेतच उभा राहिला होता. प्लुटोनियम अणुभट्टीचं इंधन होऊ शकतं आणि बॉम्बचा गाभाही. भारताच्या अणुकार्यक्रमाचा वाद इथून सुरू होतो.

तपासणीला भाभांचा विरोध नवा नव्हता. १९५६ मध्ये न्यूयॉर्कला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना ठरत होती, तेव्हा त्यांनी कडक तपासणीच्या कलमांना जोरदार हरकत घेतली होती. ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत त्यांच्या कारखान्यांत कुणी डोकावायचं नाही आणि ज्यांनी मदत घेतली त्यांची मात्र झडती, हा भेदभाव आहे, असा त्यांचा मुद्दा होता. या युक्तिवादात तथ्य होतं. आणि याच युक्तिवादामुळे पुढे काय करायचं ते ठरवायला भारताला मोकळीकही राहत होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

पंधरा महिने आधी : २४ ऑक्टोबर १९६४, आकाशवाणी

संयुक्त राष्ट्र दिनी भाभांचं आकाशवाणीवर भाषण झालं. विषय निःशस्त्रीकरणाचा, पण देशाच्या कानात राहिले ते भाषणातले आकडे. अमेरिकेने शांततापूर्ण स्फोटांसाठी जाहीर केलेल्या दरांवरून हिशेब करून भाभांनी सांगितलं, की पन्नास अणुबॉम्बचा साठा दहा कोटी रुपयांहून कमी खर्चात होईल आणि दोन मेगाटनांच्या पन्नास हायड्रोजन बॉम्बना पंधरा कोटींच्या आसपास खर्च येईल. त्याच महिन्यात लंडनमध्ये ते म्हणाले होते, की निर्णय झाला तर भारत अठरा महिन्यांत स्फोट घडवून आणू शकेल.

हे आकडे फार आशावादी होते. अणुभट्ट्या, प्लुटोनियमचे कारखाने, बॉम्ब वाहून नेणारी विमानं यांचा खर्च त्या हिशेबात नव्हता. पण संसदेत बॉम्बची मागणी करणाऱ्यांना आता सरकारच्याच शास्त्रज्ञाचा आधार मिळाला. नोव्हेंबरमध्ये गुंटूरला काँग्रेस महासमितीच्या बैठकीत शास्त्रींना बॉम्ब न करण्याचं धोरण निकराने राखावं लागलं. महिनाअखेर लोकसभेत त्यांनी धोरण तेच ठेवलं, पण बोगदे खणणं, डोंगर फोडणं अशा कामांसाठी अणुस्फोट वापरण्याच्या अभ्यासाला दार किलकिलं केलं. डिसेंबरात लंडनमध्ये ते पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्याशी बोलले. बॉम्ब नसलेल्या देशांना बॉम्बवाल्यांनी मिळून संरक्षणाची हमी द्यावी, हा विषय त्यांनी काढला.

म्हणजे एकाच वेळी दोन वाटांवर पाऊल होतं. एक वाट हमीची, दुसरी तयारीची. हमी मिळाली तर तयारी थांबवता येईल. हमी नाही मिळाली तर तयारी कामाला येईल. मुत्सद्देगिरीच्या हिशेबात हे शहाणपणाचं होतं. पण असं दुहेरी धोरण नीट चालवायचं, तर कुठली वाट कुठे थांबते, हे कुठेतरी स्वच्छ लिहून ठेवावं लागतं.

एक वर्ष आधी : २२ जानेवारी १९६५, ट्रॉम्बे

शास्त्रींच्या हस्ते प्लुटोनियम कारखान्याचं उद्घाटन झालं. असा कारखाना तेव्हा जगात मोजक्याच देशांकडे होता. पुढच्या महिन्यात भाभा वॉशिंग्टनला गेले आणि तिथल्या परराष्ट्र खात्यातल्या वरिष्ठांना भेटले. चीनच्या स्फोटामुळे आशियात चीनचं वजन वाढतं आहे, भारताला त्याला तोडीस तोड असं काही दाखवावं लागेल, हा त्यांच्या बोलण्याचा सूर होता.

एप्रिलच्या सुमारास शास्त्रींनी भूमिगत शांततापूर्ण स्फोटाच्या प्राथमिक अभ्यासाला होकार दिला आणि भाभांनी ते काम ट्रॉम्बेतले शास्त्रज्ञ राजा रामण्णा यांच्याकडे सोपवलं. या होकाराची मर्यादा कोणती, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. फक्त कागदावरचा अभ्यास, की स्फोटाला तीन महिने उरतील इथपर्यंतची तयारी? दोन्ही अर्थ लावले गेले आहेत, कारण होकार मुख्यतः दोन माणसांच्या बोलण्यात झाला होता. शास्त्रींना काय वाटलं होतं आणि भाभांना काय समजलं होतं, हे तंतोतंत सांगणारे दोघेच होते.

भाभांच्या कामात केवळ बॉम्ब पाहणं मात्र त्यांच्यावर अन्याय ठरेल. १९५५ मध्ये जिनिव्हाच्या पहिल्या अणुपरिषदेचे ते अध्यक्ष होते. कोळशाच्या खाणींपासून लांब असलेल्या भागांत अणुवीज परवडेल, हा त्यांचा आग्रह जुना होता, आणि पश्चिम किनाऱ्यावर तारापूरची निवड झाली त्यामागे हाच विचार होता. बीड जिल्ह्यातल्या वाचकाला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. परळीत खाण नाही. १९७१ पासून तिथल्या औष्णिक केंद्राचा कोळसा रेल्वेने लांबून येत आला आणि २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं. समुद्राकाठी, थोड्या इंधनावर चालणारी वीज देशाला हवी, असं भाभा पन्नासच्या दशकात म्हणत होते ते हवेत बोलत नव्हते. तारापूरसाठी १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला, आणि तिथे त्यांनी तपासणी मान्यही केली. कुठे वाकायचं आणि कुठे नाही, याची गणितं त्यांच्या मनात पक्की होती. अडचण एवढीच, की ती त्यांच्याच मनात होती.

पाच महिने आधी : ऑगस्ट ते नोव्हेंबर १९६५, जिनिव्हा आणि न्यूयॉर्क

ऑगस्टमध्ये अमेरिकेने जिनिव्हाच्या अठरा राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण समितीपुढे अण्वस्त्रप्रसारबंदी कराराचा मसुदा ठेवला. भारत या समितीचा सदस्य होता. भारताचं म्हणणं साधं होतं: बॉम्ब नसलेल्यांनी तो करू नये हे ठीक, पण ज्यांच्याकडे आहेत त्यांनीही साठे कमी करायला बांधून घ्यावं. १९ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव क्रमांक २०२८ मंजूर केला. जबाबदाऱ्यांचा दोन्ही बाजूंना मान्य होईल असा समतोल करारात असावा, हे तत्त्व त्यात आलं. भारतासारख्या अलिप्त देशांच्या खटपटीचं ते फळ होतं.

मधल्या काळात पाकिस्तानशी युद्ध झालं. २३ सप्टेंबरला शस्त्रसंधी झाली, पण चीनने त्या दिवसांत सीमेवर निर्वाणीचा इशारा दिला होता आणि भारताच्या मदतीला कुणाचंही अण्वस्त्र पुढे येणार नाही, हे दिसून चुकलं होतं. अमेरिकेने लष्करी मदत थांबवली. वरून पाऊस रुसला. १९६४-६५ मध्ये देशात ८ कोटी ९० लाख टनांच्या आसपास धान्य पिकलं होतं. १९६५-६६ मध्ये ते ७ कोटी २० लाख टनांवर आलं. पीएल ४८० या अन्नमदतीच्या कायद्याखालचा अमेरिकन गहू जॉन्सन प्रशासन आता हात आखडून, थोडाथोडा सोडत होतं. ताटातल्या पोळीसाठी ज्याच्याकडे पाहायचं, त्याच्याशीच प्लुटोनियमवरून हुज्जत घालायची, अशी भारताची कोंडी होती. अशा वेळी वाटाघाटी करणाऱ्या माणसाचं कसब हीच त्या देशाची शिल्लक असते.

चौदा दिवस आधी : १० जानेवारी १९६६, ताश्कंद

सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांच्या मध्यस्थीने शास्त्री आणि पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान यांनी करारावर सह्या केल्या. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण आणि परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग शास्त्रींबरोबर होते. मध्यरात्र उलटून गेल्यावर हृदयविकाराच्या झटक्याने शास्त्रींचं निधन झालं.

स्फोटाच्या अभ्यासाला होकार देणारा आणि त्या होकाराची मर्यादा जाणणारा पहिला माणूस गेला. गुलझारीलाल नंदा काळजीवाहू पंतप्रधान झाले. अणुऊर्जा खातं पंतप्रधानांकडे असे. त्यामुळे तेही आता तात्पुरत्या हातात होतं.

पाच दिवस आधी : १९ जानेवारी, नवी दिल्ली

काँग्रेस संसदीय पक्षाची निवडणूक झाली. इंदिरा गांधींना ३५५ मतं, मोरारजी देसाईंना १६९. शपथविधी २४ तारखेला ठरला. नव्या पंतप्रधानांपुढे दुष्काळ होता, परकीय चलनाची टंचाई होती, आणि अणुप्रश्न होता. पहिल्या दोन विषयांवर सल्ला देणारे पुष्कळ होते. तिसऱ्यावर सगळा तपशील जाणणारं नाव एकच होतं.

जिनिव्हातल्या निःशस्त्रीकरण समितीचं नवं सत्र २७ जानेवारीला सुरू व्हायचं होतं. प्रसारबंदीच्या मसुद्यावर तिथे पुढची बोलणी होणार होती.

आदली रात्र : २३ जानेवारी, मुंबई

‘कांचनजंगा’ सांताक्रूझहून निघालं. मुंबई ते लंडन, वाटेत दिल्ली, बैरूत आणि जिनिव्हा, असा उड्डाण क्रमांक १०१ चा मार्ग. भाभांना व्हिएन्नाला जायचं होतं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वैज्ञानिक सल्लागार समितीची बैठक होती आणि ते त्या समितीचे सदस्य होते. ज्या संस्थेच्या तपासणी कलमांशी ते दहा वर्षांपूर्वी झुंजले, त्याच संस्थेच्या टेबलावर त्यांच्या शब्दाला मान होता. वय ५६. चित्रं काढणारा, संगीतात रमणारा, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि ट्रॉम्बेचं केंद्र शून्यातून उभं करणारा हा माणूस भारताच्या अणुकार्यक्रमाचा मेंदू होता, आणि जगाशी बोलणारा आवाजही.

पहाट, बैरूत

मों ब्लांवरून जाताना वैमानिकाला आपण नेमके कुठे आहोत हे कळण्याची तेव्हाची पद्धत अशी होती: जमिनीवरच्या एका रेडिओ दीपस्तंभाच्या रेषेवरून उडत राहायचं आणि दुसऱ्या दीपस्तंभाची दिशा आडवी घेऊन छेदबिंदू काढायचा. ही दिशा दाखवणाऱ्या यंत्राला व्हीओआर म्हणतात. दोन दिशा एकदम घ्यायला विमानात दोन यंत्रं असतात. बैरूतहून निघताना ‘कांचनजंगा’वरचं त्यातलं एक यंत्र नादुरुस्त होतं. वैमानिकाला ते माहीत होतं.

एक यंत्र बंद असलं म्हणून विमान आंधळं होत नाही. पण दोन साक्षीदारांच्या जागी एकच उरतो, आणि त्याचं म्हणणं पडताळायला दुसरं कुणी नसतं. अशा वेळी बाहेरच्या माणसाशी होणारं प्रत्येक बोलणं अधिक काळजीपूर्वक व्हायला हवं.

या मार्गाचा धोका एअर इंडियाला नवा नव्हता. ३ नोव्हेंबर १९५० रोजी कंपनीचंच ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनकडे जाताना याच पर्वतावर, जवळजवळ याच जागी आदळलं होतं. ४८ जण दगावले होते.

सकाळी ८:०० (भारतात १२:३०)

वैमानिकाने जिनिव्हाच्या नियंत्रकाला कळवलं, की विमान १९,००० फुटांच्या पातळीवर आलं आहे. मों ब्लांची उंची सुमारे १५,७७० फूट. या पातळीवर राहिलं तर शिखराच्या तीन हजार फूट वरून विमान सुखरूप जाणार होतं.

नियंत्रकाने सांगितलं: हीच पातळी राखा, मात्र ढगांच्या माथ्यापासून हजार फूट वर राहून, डोळ्यांनी पाहत उतरता येत असेल तर उतरा.

वैमानिकाने होकार दिला आणि पुढे जोडलं, की आपण मों ब्लांच्या बरोबरीला आलो आहोत, पर्वत बाजूने मागे पडतो आहे.

सकाळी ८:०१

नियंत्रकापुढे रडार होतं. पडद्यावरचा ठिपका पर्वताच्या बरोबरीला अजून आलेला नाही, हे त्याला दिसलं. चूक त्याने ओळखली, आणि ती दुरुस्त व्हावी म्हणून कळवलं: मों ब्लांला तुमचे पाच मैल आहेत.

त्याचा अर्थ होता, पर्वत अजून पुढे आहे.

वैमानिकाने एकाच शब्दात उत्तर दिलं: रॉजर. ऐकलं. पण त्याने काय ऐकलं? पर्वताचा कणा आपण ओलांडला आहे, अशी त्याची समजूत होती, आणि ही सूचना त्या समजुतीत सामावून गेली. ‘पर्वत पुढे आहे की मागे?’ असं त्याने विचारलं नाही. ‘उतरू नका, पर्वत समोर आहे,’ असं नियंत्रकानेही म्हटलं नाही. जेटला पाच मैल कापायला जेमतेम एक मिनिट लागतं.

विमान खाली उतरू लागलं.

सकाळी ८:०२

४,७५० मीटर उंचीवर, तूर्नेत खडकाजवळ, विमान आदळलं. शिखर तिथून जेमतेम साठ मीटर वर होतं.

त्याच दिवशी, नवी दिल्ली

इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. अणुऊर्जा खातं त्यांच्याकडे आलं, आणि ते चालवणारा माणूस त्याच दिवशी गेला. तीन दिवसांनी जिनिव्हातलं सत्र ठरल्याप्रमाणे सुरू झालं.

त्यानंतर

फ्रान्सच्या चौकशी आयोगाने सप्टेंबर १९६६ मध्ये काम संपवलं, पुन्हा उघडलं आणि मार्च १९६७ मध्ये निष्कर्ष पक्का केला. एक यंत्र बंद असलेल्या विमानाच्या कप्तानाने आपली जागा चुकीची मोजली. नियंत्रकाने ती चूक ओळखली आणि दुरुस्तीची सूचनाही दिली. परंतु सूचनेची भाषा पुरेशी नेमकी नव्हती, त्यामुळे कप्तानाचा गैरसमज तसाच राहिला आणि तो उतरत गेला.

घातपाताची कथा आजही जोरात फिरते. तिचा मुख्य आधार एका माजी सीआयए अधिकाऱ्याच्या नावावर, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेली कथित संभाषणं आहेत. त्यांना दुजोरा देणारा पुरावा पुढे आलेला नाही. या बर्फातून नंतरही पुष्कळ काही बाहेर आलं: २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाच्या टपालाची थैली सापडली, २०१३ मध्ये पाचू-माणकांची पेटी, २०२० मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याच्या मथळ्याची वर्तमानपत्रं. कटाचा पुरावा मात्र सापडला नाही. मला या कथेचा राग येतो, तो ती अमेरिकेला दोष देते म्हणून नाही. ती आपल्याला सोपं उत्तर देते म्हणून येतो. शत्रूने मारलं म्हटलं, की आपण काय सांभाळायला हवं होतं हे विचारायची गरज उरत नाही.

विचारायला हवं ते हे. मे १९६६ मध्ये विक्रम साराभाई अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. बॉम्बने सुरक्षा मिळते या मताशी ते सहमत नव्हते, आणि स्फोटाच्या अभ्यासाचं काम त्यांनी थांबवायला सांगितलं. त्यांना तसं करण्याचा पूर्ण अधिकार होता. पण एका माणसाच्या जाण्याने देशाचं धोरण एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेलं, कारण ते धोरण म्हणून कुठे नोंदलेलंच नव्हतं. ट्रॉम्बेत रामण्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ओढा वेगळा, अध्यक्षांचा वेगळा, आणि दोहोंच्या वर लेखी निर्णय नाही.

इकडे जिनिव्हात वेळ कुणासाठी थांबली नाही. १ जुलै १९६८ रोजी प्रसारबंदी करार सह्यांसाठी खुला झाला. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी स्फोट केला तेवढेच अण्वस्त्रधारी देश, अशी रेघ त्यात मारली होती. भाभांनी ऑक्टोबर १९६४ मध्ये सांगितलेले अठरा महिने खरे धरले, तर ते या रेघेच्या अलीकडे संपत होते. म्हणून स्फोट करायला हवा होता, असं मी म्हणत नाही. म्हणणं एवढंच, की ही रेघ कुठे पडते आहे हे ओळखून ‘हो’ किंवा ‘नाही’ ठरवायची जी दोन वर्षं होती, त्यांत भारताने ठरवून काहीच ठरवलं नाही. भारताने करारावर सही केली नाही, आणि हमीही कुणी दिली नाही.

पुढचा हिशेब सगळ्यांना माहीत आहे. १८ मे १९७४ रोजी पोखरणला सायरसच्या प्लुटोनियमने स्फोट झाला. भारताने त्याला शांततापूर्ण म्हटलं. कॅनडाला तो वचनभंग वाटला आणि त्याने सहकार्य तोडलं. वचनाचा अर्थ दोन बाजूंनी दोन प्रकारे लावला होता, आणि तो स्पष्ट करून घ्यायची तसदी वेळेवर कुणी घेतली नव्हती. अणुपुरवठादार देशांचा गट उभा राहिला. १९७८ च्या अमेरिकन कायद्यानंतर तारापूरचं इंधन अडलं आणि १९८२ मध्ये फ्रान्सकडून सोय करावी लागली. ११ मे १९९८ रोजी पोखरण पुन्हा हादरलं. त्या वेळी निर्बंध आले, सुरक्षा परिषदेचा ११७२ क्रमांकाचा निषेधाचा ठराव आला. मग जसवंतसिंग आणि अमेरिकेचे स्ट्रोब टालबॉट यांच्यात दीर्घकाळ, फेऱ्यामागून फेऱ्या बोलणी झाली. भारताला काय हवं, काय देता येईल, कुठे थांबता येणार नाही, हे तेव्हा प्रथमच इतक्या सलगपणे समोरच्यापुढे मांडलं गेलं. त्या पायावर २००८ मध्ये पुरवठादार गटाची सूट मिळाली. शास्त्री आणि भाभांच्या जाण्यानंतर बेचाळीस वर्षांनी.

हाच खेळ पुढे दुसऱ्या पटावरही दिसला. जून २०२५ मध्ये इराण आणि अमेरिका यांच्यातली अणुबोलणी १५ तारखेला मस्कतमध्ये पुढे जायची होती. १२ तारखेला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मंडळाने इराणने आपली बंधनं पाळली नसल्याचा ठराव केला, १३ तारखेला इस्राएलने हल्ला केला आणि २२ तारखेला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ आणि इस्फहानवर बॉम्ब टाकले. तिथेही तंटा वचनांचा, तपासणीचा आणि एकमेकांच्या शब्दांच्या अर्थाचा होता. समोरच्याने ‘ऐकलं’ म्हटलं म्हणजे त्याला समजलं, असं धरून चालणं अणुव्यवहारात सगळ्यांत महाग पडतं.

विमानवाहतुकीने आपली खोड सुधारली. आज नियंत्रकाची सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते आणि चुकली तर नियंत्रकाने तिथल्या तिथे दुरुस्त करायची असते. नुसतं ‘रॉजर’ पुरत नाही. आपल्या अणुधोरणाने ही शिस्त अजून पूर्ण अंगी बाणवलेली नाही. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याआड अनेक दशकं जुने कागदही बंद राहिले. बॉम्बची रचना गुप्त ठेवावी, याबद्दल वाद नाही. पण शास्त्रींनी भाभांना नेमका कशाला होकार दिला, लंडनमध्ये हमीचा विषय निघाला तेव्हा बदल्यात काय देऊ केलं, साराभाईंनी काम थांबवलं तेव्हा पंतप्रधानांना काय कळवलं, हे आता कुठल्या शत्रूच्या उपयोगाचं नाही. ते आपल्या उपयोगाचं आहे. सरकारने १९६४ ते १९७४ या दशकातली या विषयावरची धोरणविषयक कागदपत्रं राष्ट्रीय अभिलेखागारात खुली करावीत आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ती वाचू द्यावीत. भाभांनी देशाला अणुभट्ट्या दिल्या, प्रयोगशाळा दिल्या, हजारो तरुण शास्त्रज्ञ दिले. त्यांच्या मनातला हिशेब मात्र त्यांच्याबरोबर गेला. पुन्हा कुठल्याही एका माणसाबरोबर देशाचा हिशेब जाऊ नये, याची तजवीज करणं आपल्या हातात आहे.